अनंताचं पिवळं पान

पुण्या-नाशिकच्या रोपवाटिकांत अनंताचं रोप बहुतेक वेळा फुलावर असतानाच विकायला काढतात, आणि त्याला कारण आहे. काळपट हिरवी चकचकीत पानं, मधे एखादं पांढरंशुभ्र भरगच्च फूल आणि चार पावलांवरून येणारा वास. गिऱ्हाईक किंमत विचारायच्या आधीच खिशात हात घालतं. घरी आणल्यावर पहिला महिना बरा जातो. मग होती ती फुलं संपतात, कळ्या हिरव्या असतानाच गळू लागतात आणि दिवाळीपर्यंत शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडलेली असतात. शिरा तेवढ्या हिरव्या. घरातलं माणूस पाणी वाढवतं, मग कमी करतं. कुणी सांगितलं म्हणून शेणखत, कुणी सांगितलं म्हणून राख, कुणी सांगितलं म्हणून अंड्याची टरफलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या कुंडीत जास्वंद दिसते.

हेच झाड रत्नागिरीच्या, सावंतवाडीच्या किंवा गोव्यात फोंड्याच्या परसात विहिरीच्या कडेला कुणी फारसं न बघता पुरुषभर वाढतं आणि वर्षानुवर्षं फुलतं. त्यामुळे अनंत नाजूक आहे, नखरेल आहे, अशी जी त्याची घाटावर बदनामी झाली आहे ती मला अन्यायाची वाटते. झाड चिवट आहे. त्याची अट एकच, आणि ती मातीच्या आम्लतेची आहे. ती पाळली तर बाकीच्या चुका ते पोटात घालतं. ती मोडली तर कितीही लाड करा, उपयोग नाही.

आधी ओळख पटवून घेऊ, कारण अनंत म्हणून डबल तगर घरी आणणारे पुष्कळ आहेत. दोन्हींची फुलं पांढरी, दोन्हींची पानं हिरवीगार. फूल नसेल तर एक पान देठापाशी तोडून पाहावं. तगरीतून दुधासारखा चीक येतो. अनंतातून येत नाही. अनंताची पानं समोरासमोर किंवा तिघा-तिघांच्या जुडग्यात येतात, वरून तुकतुकीत, आणि शिरा खोल उमटलेल्या. कळी तर चुकूच नये अशी: हिरवट, टोकाकडे पीळ घातलेली, उमलायच्या आदल्या दिवशी पीळ सैल होऊन पांढऱ्या कडा दिसू लागतात.

कुळानं तो कॉफीचा भाऊबंद. कदंब, मंजिष्ठा, क्विनाइन देणारा सिंकोना आणि बागेतला इक्झोरा हीही त्याच कुळातली मंडळी. आपल्या जंगलांतही त्याचे सख्खे नातेवाईक आहेत. डिकेमाली हे नाव जुन्या घरांत अजून ऐकू येतं; काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा हा उग्र वासाचा डिंक जंतांवर आणि बाळाला दात येताना हिरड्यांना लावायला पूर्वापार वापरतात. तो ज्या झाडांच्या शेंड्यावरच्या कोंबांतून पाझरतो ती झाडं गार्डेनिया याच प्रजातीतली. त्यांची फुलंही पांढरी उमलतात आणि पिवळी होऊन गळतात. बागेतला अनंत मात्र मूळचा इथला नाही. गार्डेनिया जास्मिनॉइडिस हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि माहेर दक्षिण चीन, तैवान, व्हिएतनाम, जपान या पट्ट्यातलं. भरपूर पावसाच्या, धुपून आम्ल झालेल्या मातीच्या डोंगरउतारांवरचं.

त्याच्या नावाची कथा गमतीची आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर एका जहाजाच्या कप्तानानं हे रोप आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून, केप ऑफ गुड होपहून इंग्लंडला नेलं. त्यामुळे ते तिकडचंच अशी समजूत झाली आणि ‘केप जास्मिन’ हे नाव चिकटलं ते आजतागायत. लंडनजवळ रिचर्ड वॉर्नर या हौशी बागाइताकडे ते फुललं. जॉन एलिस या निसर्ग-अभ्यासकाला त्याचं नाव वॉर्नरवरून ठेवायचं होतं. वॉर्नरनं नको म्हटलं. तेव्हा एलिसनं, वनस्पतींच्या नावांबाबत ज्याचा शब्द चाले त्या लिनियसची फारशी इच्छा नसतानाही, अमेरिकेत चार्ल्सटन इथं डॉक्टरकी करणाऱ्या आणि वनस्पती-प्राणी गोळा करणाऱ्या अलेक्झांडर गार्डन या स्कॉटिश मित्राचं नाव त्याला दिलं आणि १७६१मध्ये ते छापून आलं. झाड चीनचं, आलं आफ्रिकेहून, फुललं इंग्लंडात आणि नाव अमेरिकेतल्या डॉक्टरचं. मोठ्या भरगच्च फुलाचा एक प्रकार पुढे १८४०च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनहून युरोपात नेला. चीनमधून चहाची रोपं बाहेर काढून हिंदुस्थानात पोचवणारा तो हाच फॉर्च्यून.

आता मातीकडे येऊ.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली एकच खडक आहे, काळा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. पण त्याच खडकापासून सह्याद्रीच्या दोन बाजूंना दोन अगदी वेगळ्या माती झाल्या, आणि त्या केल्या पावसानं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पाण्यानं खडकातला चुना, मॅग्नेशियम, पोटॅश, सिलिकासुद्धा लाखो वर्षं विरघळवून वाहून नेला. मागे उरलं ते लोह आणि अॅल्युमिनियम. तोच तांबडा जांभा. त्यावरची माती आम्ल असते, तिचा सामू (पीएच) साधारण पाच ते साडेसहा. घाट चढून पुण्याला आलं की पाऊस सातशे मिलिमीटरवर येतो, नगरकडे त्याहून कमी. इथं चुना वाहून जायला पाणीच पुरत नाही. तो मातीत साठतो. खोदकामात पांढरे खडे निघतात ती चुनखडी तीच. काळ्या मातीचा सामू साडेसात ते साडेआठ. सामूचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापटीचा फरक, हे लक्षात घेतलं तर कोकणातल्या आणि देशावरच्या मातीत किती अंतर पडतं याचा अंदाज येतो. (महाबळेश्वर आणि माथेरान हे घाटमाथ्यावरचे अपवाद. तिथं डोंगरांच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे आणि पाऊस तर विचारायलाच नको. तिथल्या जुन्या बंगल्यांत अनंत मजेत वाढतो.)

बेसाल्ट हा लोहानं समृद्ध खडक. म्हणजे काळ्या मातीत लोह भरपूर आहे. तरीही तिच्यात लावलेला अनंत लोहावाचून उपाशी मरतो. कोठार भरलेलं, पण कुलूप घातलेलं. हवेशीर मातीतलं लोह गंजाच्या रूपात असतं, आणि गंज पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सामू एका अंकानं चढला की मातीच्या पाण्यात सुटं होणारं हे लोह सुमारे हजारपटीनं घटतं. यावर झाडांचे स्वतःचे उपाय आहेत. गहू, बार्लीसारखी गवतवर्गीय पिकं मुळांतून एक खास द्रव्य सोडतात. ते मातीतल्या लोहाला पकडतं आणि मूळ त्या जोडीला आत ओढून घेतं. अनंत आणि त्याच्यासारखी रुंद पानांची झाडं वेगळी वाट धरतात. मुळांभोवती थोडं आम्ल सोडायचं, गंजाचं रूपांतर विरघळणाऱ्या लोहात करायचं आणि ते शोषायचं. आम्ल मातीत हे सहज जमतं. चुनखडीच्या मातीत मुळानं सोडलेलं आम्ल चुना तिथल्या तिथं मारून टाकतो.

हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागतं. झाडाच्या आत लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहजासहजी हलत नाही. म्हणून उपासमार आधी दिसते ती शेंड्याच्या कोवळ्या पानांवर: पातं पिवळं, शिरांची जाळी हिरवी. उसाच्या शेतकऱ्याला हे चित्र नवं नाही. चुनखडीच्या रानात ऊस केवडा पडतो असं तो म्हणतो, ते हेच दुखणं.

सगळं पिवळं पान मात्र लोहाचं नसतं, आणि इथं घाई केली की भलताच उपचार होतो. खालची जुनी पानं शिरांसकट एकसारखी पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय, किंवा मुळाशी पाणी साचतंय. जुन्याच पानांत शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियमकडे बघावं. आणि नवी पालवी फुटायच्या सुमारास झुडपाच्या आतली काही म्हातारी पानं पिवळी होऊन गळतात, तो तर नेहमीचा क्रम आहे. तेव्हा काहीच करू नये. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, एवढ्याच खुणेवर लोहाचा संशय घ्यायचा.

मातीत चुना आहे की नाही हे घरी कळतं. वाळलेल्या मातीचं ढेकूळ बशीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाकावं आणि कानाजवळ धरावं. फसफसलं तर त्या मातीत अनंत लावू नये.

मग माती बदलता येत नाही का? गंधक घातलं की मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि सामू उतरतो, असं पुस्तकात असतं आणि ते खरं आहे. पण हिशेब करून बघा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्ड्यात पावणेतीनशे किलोच्या आसपास माती असते. तीत पाच टक्के चुनखडी असेल तर तो झाला चौदा किलो चुना. एक किलो चुना मारायला ३२० ग्रॅम गंधक लागतं. म्हणजे एकाच खड्ड्याला साडेचार किलो. एवढं गंधक घालून, जिवाणूंनी आपलं काम संपवायची कित्येक महिने वाट पाहून, शेवटी आजूबाजूच्या जमिनीतून पाण्याबरोबर चुना परत आत यायचा तो येणारच. माझं मत स्पष्ट आहे: देशावर अनंत जमिनीत लावू नये. कुंडीत लावावा, नाहीतर जमिनीच्या वर दीड-दोन फूट उंच वाफा बांधून त्यात बाहेरून आणलेली माती भरावी. काळ्या मातीत चुन्याखेरीज दुसरीही एक अडचण असते. ती पावसात चिकट होऊन पाणी धरून ठेवते आणि अनंताच्या बारीक, वरवरच्या मुळांना हवा लागते. कुंडीत हे दोन्ही प्रश्न सुटतात.

कुंडी बारा ते चौदा इंची, मातीची किंवा प्लॅस्टिकची. सिमेंटची नको, नव्या सिमेंटमधून चुना झिरपत राहतो. नव्या इमारतींच्या आवारात बांधलेल्या वाफ्यांत अनंत का जगत नाही याचंही उत्तर इथंच आहे. त्या वाफ्यांच्या तळाशी बिल्डरनं राडारोडा भरलेला असतो, विटांचे तुकडे, गिलाव्याचे पोपडे, सिमेंटची भुकटी, आणि वरच्या वीतभर लाल मातीनं ते सारं झाकलेलं असतं. मिश्रणाला दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग पालापाचोळ्याचं चांगलं कुजलेलं खत आणि एक भाग लाल माती पुरते. विकतची लाल माती लाल असते म्हणून आम्ल असतेच असं नाही. तिलाही व्हिनेगरची परीक्षा द्यायला लावावी. आंब्या-फणसाचा पाचोळा कुठं मिळत असेल तर तो सोडू नये. त्याचा जाडसर थर कुंडीत वर पसरला की मुळं थंड राहतात, ओल टिकते आणि कुजताना थोडी आम्लताही येते. एकदा हा थर घातला की खुरपणी बंद. अनंताची मुळं इतकी वर असतात की हौसेनं माती मोकळी करणारा माणूस दरवेळी त्यातली निम्मी तोडतो.

एवढं करूनही वर्षभरात पानं पुन्हा पिवळी पडली तर पाण्याकडे बोट दाखवावं. बोअरच्या पाण्यात विरघळलेली बायकार्बोनेटं असतात. रोज एकेक तांब्या असं पाणी घातलं की काही महिन्यांत उत्तम आम्ल मिश्रणाचाही सामू वर सरकतो. कुंडीच्या काठावर आणि मातीच्या पृष्ठभागावर पांढरा थर दिसू लागला की समजावं. पुण्यासारख्या शहरांत धरणातून नळाला येणारं पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं असतं, तुलनेनं मऊ. पण उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की सोसायटीच्या टाकीत काय येतं ते कुणालाच माहीत नसतं. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. एसीतून ठिबकणारं पाणीही चालतं, ते हवेतली वाफ थंड होऊन तयार झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आणि नेमकं जे घालू नये ते आपण मोठ्या काटकसरीनं घालतो: आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी. पाणी वाचवायची बुद्धी चांगली, पण त्या नळीतून येतं ते क्षार एकवटलेलं पाणी. त्यानं फरशी पुसावी. अनंताला ते विष आहे.

स्वयंपाकघरातल्या उपायांचंही तसंच. अंड्याची टरफलं म्हणजे शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ज्या चुन्यापासून त्याला वाचवायचं तोच. लाकडाची राख अल्कधर्मी. चुन्याची निवळी तर उघडच शत्रू. शेणखत थोडं चालतं, पण त्याचाही सामू बऱ्याचदा सातच्या वर असतो, तेव्हा मूठभरावर थांबावं. वापरलेली चहापत्ती घालायची टूम आहे. तिनं बिघडत काही नाही, पण तिच्यात आम्लता फारशी उरलेली नसते. तिच्या भरवशावर राहू नये. खत म्हणून निंबोळी पेंड आणि वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पाण्यात विरघळवून थोडं अमोनियम सल्फेट, अर्धा छोटा चमचा एका कुंडीला, एवढं पुष्कळ. हे नत्र तर देतंच, शिवाय जमिनीत त्याचं रूपांतर होताना आम्ल तयार होतं.

पानं पिवळी झालेलीच आहेत, तर हिराकस. फेरस सल्फेटचं हे जुनं नाव दुकानदारालाही कळतं. लिटरभर पाण्यात आधी चिमूटभर लिंबूसत्व, मग दोन-तीन ग्रॅम हिराकस. हा क्रम महत्त्वाचा. आम्ल नसेल तर हवा लागून द्रावण तांबूस होतं, म्हणजे त्यातलं लोह पुन्हा गंजलं. संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावं, दहा-बारा दिवसांनी परत. फरशीवर पडलं तर डाग जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फवारणीनं पानं हिरवी होतात, पण तो तात्पुरता आधार आहे. हिराकस चुनखडीच्या मातीत घातलं तर तेही तिथं कुलुपात जातं. मातीत घालायचं असेल तर चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या द्रव्यानं पकडून ठेवलेलं, लोह घ्यावं आणि पाकिटावरची अक्षरं वाचावीत. ईडीटीए प्रकारचं चिलेट सामू साडेसहाच्या पुढे गेला की लोह सोडून देतं. ईडीडीएचए प्रकारचं, गडद लाल रंगाचं, चुन्याच्या मातीतही टिकतं. ते महाग असतं, पण द्राक्ष बागाइतदार ते उगाच वापरत नाहीत.

उन्हाचं फार काही नाही. कोकणात दिवसभराचं ऊन चालतं. देशावर मार्च ते मे सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली. पूर्वेकडची बाल्कनी त्याला मानवते. अगदी सावलीत पानं छान राहतात, फुलं येत नाहीत.

कळ्या गळण्याची तक्रार मात्र माती सुधारल्यावरही उरते, कारण तिचं मूळ वेगळं आहे. अनंत कळ्या धरतो तो थंड रात्रींच्या आधारानं. रात्रीचं तापमान पंधरा ते अठरा अंशांच्या आसपास उतरणारा हिवाळा त्याला हवाच असतो. कळी धरल्यावर उमलायला ती बराच वेळ घेते, आणि या काळात तिला अचानक बदल सोसत नाही. दोन दिवस पाणी चुकलं, मग बादलीभर ओतलं. कुंडी ऊन शोधत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली. मार्चमध्ये एकाएकी कोरडी झळ सुरू झाली. कुठल्याही कारणानं झाड कळ्या टाकतं. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची पहिली खेप गळते तीही यामुळेच, त्यात रोपाचा किंवा विकणाऱ्याचा दोष नसतो. कळ्या दिसल्या की कुंडी जागची हलवायची नाही, ओल सारखी ठेवायची, आणि हवा कोरडी असेल तर सकाळी पानांवर पाणी शिंपडायचं. वरून नत्रही द्यायचं नाही. कळी सोडून झाड पालवीमागे लागतं.

छाटणीला एकच मोसम आहे: बहर संपल्या संपल्या. फूल फांदीच्या टोकावर येतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला टोकं खुडली की प्रत्येक फांदीला दोन-तीन नव्या फांद्या फुटतात, झुडूप आटोपशीर होतं आणि पुढच्या बहरासाठी तेवढी टोकं वाढतात. दसऱ्याच्या साफसफाईत हौसेनं कात्री चालवली तर पुढल्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. झाडाला मुळात छोटंच ठेवायचं असेल तर बुटक्या जातीचं रोप मिळतं. पानं बारीक, फुलं लहान, उंची गुडघ्याच्या आसपास. खिडकीतल्या कुंडीला तेच बरं.

किडींत पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी आणि खवले कीड हे नेहमीचे पाहुणे. ते रस शोषून गोड चिकटा सोडतात, त्यावर काजळी धरते आणि मुंग्यांची रांग लागते. पानं काळी दिसली की लोक पानांवर औषध शोधतात. शोधायला हवी ती पानाखालची कीड. कापसाचा बोळा, साबणाचं पाणी आणि निंबोळी तेल, एवढ्यानं कुंडीतल्या झाडाचं भागतं. एखादे दिवशी मात्र एका रात्रीत निम्मी पानं फस्त झालेली दिसतील आणि फांदीवर बोटाएवढी हिरवी अळी, शेपटीवर शिंग असलेली. तिला मारण्याआधी एवढं ऐकावं. ती ज्याची अळी आहे त्या पतंगाचे पंख काचेसारखे पारदर्शक असतात, तो भर दिवसा उडतो, आणि फुलासमोर हवेत थांबून मध पिताना भलामोठा भुंगाच वाटतो. झाड मोठं असेल तर चार पानं तिला द्यावीत. लहान रोपावरची अळी उचलून आवारातल्या इक्झोरावर सोडली तरी बहुधा चालतं, तेही कॉफीच्याच कुळातलं.

फुलाचं थोडं. मूळ रानटी अनंताला सहाच पाकळ्या असतात आणि त्याला फळ धरतं. आपण बागेत लावतो त्या भरगच्च फुलात पुंकेसरांच्या जागी पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे फळ दिसत नाही. संध्याकाळनंतर वास वाढतो, कारण पांढरा रंग आणि हा दरवळ हे दोन्ही रात्री हिंडणाऱ्या पतंगांसाठीच आहे. पहिल्या दिवशी पांढरं, मग सायीच्या रंगाचं, मग पिवळं होत फूल दोन-तीन दिवसांत उतरतं. पाकळीला बोट लागलं की तिथं तपकिरी ठसा उमटतो, म्हणून त्याचा गजरा होत नाही. कोकणात बायका एकच फूल देठापानासह अंबाड्यात खोचतात, ते बरोबर आहे. या वासाचं अत्तर काढणंही जिकिरीचं आहे. बाजारातली गार्डेनियाची अत्तरं जवळजवळ सगळी प्रयोगशाळेत वेगवेगळे घटक जुळवून केलेली असतात.

फळाला मात्र पूर्व आशियात मोठी किंमत आहे. त्यातला पिवळा रंग म्हणजे क्रोसिन, केशरात असतं तेच द्रव्य. चीनमध्ये त्यानं प्राचीन काळापासून कापड रंगवलं, जपानमध्ये त्यानं मुळ्याचं लोणचं आणि नव्या वर्षाचा गोड चेस्टनट रंगवतात. आणि केशराच्या भेसळीतही हाच रंग सापडतो. अनंताच्या फळात असणारं आणि केशरात नसणारं दुसरं एक द्रव्य शोधून ती भेसळ पकडतात. कॉफी आणि अनंत यांच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा दिसलं की दोघांचे पूर्वज एक, पण काही जनुकांच्या जोडप्रती निर्माण होऊन एक शाखा कॅफिनच्या वाटेनं गेली आणि दुसरी क्रोसिनच्या.

पुन्हा मातीकडेच येतो. अमेरिकेत जॉर्जिया, कॅरोलिना या भागांत राहणारी आपली माणसं सांगतात की तिथं अनंताची कुंपणंच्या कुंपणं असतात, कुणी काही करत नाही. तिथली तांबडी मातीही भरपूर पावसानं धुतलेली, आम्लच आहे.

झाड एकदा रुळलं की रोपं करणं सोपं. जून ते ऑगस्ट या काळात, हिरवी नाही आणि पुरती लाकूडही झालेली नाही अशी, फुलं होऊन गेलेली फांदी घ्यावी. चार-पाच इंचांचा तुकडा पेराखाली कापावा, वरची तीन-चार पानं ठेवून खालची काढावीत आणि ओल्या कोकोपीटमध्ये खोचून वर पारदर्शक पिशवी घालावी. थेट ऊन नको. महिना-दोन महिन्यांत मुळं फुटतात. साध्या पाण्याच्या बाटलीतही फुटतात, पण ती मुळं ठिसूळ असतात, बोटभर लांब व्हायच्या आतच मातीत लावलेली बरी. जांभ्याच्या गावाकडे कुणी जाणार असेल तर त्याच्याकडून फांदीबरोबर पिशवीभर मातीही मागवावी.